किडनीचं दुखणं आणि घराचा सातबारा

(जिल्हा मेळाव्यातील दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात कर्जावर बोलणं झालं. तेव्हा तीन-चार जणांनी उठून सांगितलं की आमचं कर्ज बी-बियाण्याचं नाही, दवाखान्याचं आहे. गावोगावच्या बैठकांतही आम्ही हेच ऐकतो, आणि त्यात एका दुखण्याचं नाव आता फार वेळा येऊ लागलं आहे. किडनी फेल. डॉक्टर हे दोन शब्द बोलतो आणि त्याच संध्याकाळी घरात कोणता तुकडा काढायचा याची बोलणी सुरू होतात. ज्याची किडनी गेली तो माणूस शेजारच्या खाटेवर बसून सगळं ऐकत असतो. त्याला कोणी काही विचारत नाही.

आज बोलायचं आहे ते त्या खाटेवरच्या माणसाबद्दल. आम्ही डॉक्टर नाही, शेतकी कॉलेजात शिकलेली माणसं आहोत. तेव्हा कोणती गोळी किती घ्यायची हे आमच्याकडून ऐकू नका, ते डॉक्टरलाच विचारा. पण घरानं डॉक्टरला काय विचारायचं, कधी विचारायचं आणि सरकारकडं काय मागायचं, एवढं आम्ही सांगू शकतो.

किडनी का जाते हा मोठा विषय आहे, त्यात आज शिरत नाही. साखर आणि रक्तदाब ही दोन कारणं पुढं आहेतच. त्याखेरीज पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-बुलढाणा-अमरावतीच्या गावांत, या तक्रारी जुन्या आहेत. आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम हा नारळ-काजूचा पट्टा आहे. तिथं साखर नाही, रक्तदाब नाही अशा शेतकऱ्या-मजुरांच्याही किडन्या जातात आणि नेमकं कारण अजून ठरलेलं नाही. पाणी, ऊन, फवारणी यावर वेगळी बैठक घेऊ. एकच गोष्ट आत्ता सांगून टाकतो, ती गिधाडांची. गुराला टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि गिधाडं किडनी बंद पडून मेली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसाला ती गोळी मिळते, आणि अंगदुखीला आपण ती शेंगदाण्यासारखी खातो. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही हे खरं. पण ज्याची किडनी आधीच अधू आहे त्यानं असल्या दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरला न विचारता तोंडात टाकूच नयेत.

आता किडनी गेली म्हणजे काय होतं? चिबड जमीन तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. पाणी आहे, खत आहे, पण निचरा नाही. मग क्षार वर येतात आणि पीक जळतं. किडनी हा शरीराचा निचऱ्याचा चर आहे. तो बुजला की साठतं काय? नत्र, स्फुरद आणि पालाश. हसू नका, खरोखरच तसं आहे. खाल्लेली प्रथिनं वापरून जो नत्र उरतो तो युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतो. गोणीतला युरिया आणि हा युरिया एकच. स्फुरद साठला की हाडं ठिसूळ होतात. पालाश, म्हणजे डॉक्टरचं पोटॅशियम, वाढलं तर हृदय एकाएकी थांबू शकतं. म्हणून नारळपाणी, केळी, मोसंबी यांच्यावर बंधन येतं, आणि भाजी चिरून कोमट पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायला सांगतात. बाजारात 'लो सोडियम' म्हणून महाग मीठ मिळतं. रक्तदाबाला चांगलं म्हणून पोरगा शहरातून बापासाठी घेऊन येतो. त्यातलं बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे आपलं म्युरेट ऑफ पोटॅश. किडनीच्या रोग्याला ते विष आहे.

हे दुखणं वर्षानुवर्षं चालतं. क्रिएटिनिन हळूहळू चढत असतं आणि माणूस शेतात जात असतो. शेवटी एक दिवस डॉक्टर सांगतो की आता किडनी शंभरात पंधरासुद्धा काम करत नाही. इथं घराला दोन वाटा दाखवतात. किडनी बदलायची किंवा डायलिसिस लावायचं.

बदलायचं म्हटलं तर कोणाची घ्यायची? १९९४ च्या कायद्यानं किडनी विकत घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मेंदू मृत झालेल्या माणसाची मिळावी म्हणून यादीत नाव घालता येतं, पण यादी लांब आहे. उरतं घरचं माणूस. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते. ज्या घरात बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्या घरात तिची किडनी मात्र सगळ्यांना चटकन आठवते. एवढं बोलून पुढं जातो, कारण म्हाताऱ्या आणि इतर दुखण्यांनी खचलेल्या माणसाला बहुतेक वेळा ही वाट नसतेच.

मग डायलिसिस. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. आपल्याकडं पुष्कळांचं दोनदाच होतं, आणि ते कमी पडतं. डायलिसिस फुकट आहे असं सांगतात, ते खोटं नाही. २०१६ साली केंद्रानं जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिसची योजना काढली. राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, आणि डायलिसिस तिच्यात बसतं. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबाऱ्यावर तिचा लाभ मिळाला. २०२३ साली ती सगळ्या कार्डधारकांना खुली करून कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांचं संरक्षण देण्याचा निर्णय झाला. एस.टी.त डायलिसिसच्या रोग्याला भाडं माफ आहे, डेपोत जाऊन कागद करून घ्या. हे सगळं घ्या, एकही रुपया सोडू नका.

आता आपल्या पद्धतीनं उत्पादन खर्च काढू. गाव जिल्ह्यापासून ६० किलोमीटर धरा. जाऊन-येऊन १२०. आठवड्याला तीन खेपा म्हणजे वर्षाला १५६ खेपा, १८,७२० किलोमीटर. पृथ्वीला एक वेढा घालायला ४० हजार किलोमीटर लागतात. म्हणजे आमचा रोगी दोन वर्षांत जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणा करतो, ती सिव्हिलच्या एका खाटेसाठी. पाळी पहाटेची आली तर एस.टी. नाही, रात्रीची आली तर परतीची गाडी गेलेली, म्हणून जीप करावी लागते. सोबत एक माणूस लागतो. दोघांचे मिळून वर्षाला ३१२ दिवस. सरकार आपल्या मालाचा खर्च काढताना घरच्या माणसाची मजुरी कशी धरतं हे तुम्ही जाणताच. इथं तर तेवढीसुद्धा कोणी धरत नाही. फुकटच्या डायलिसिसला तुकडा विकावा लागतो तो असा.

यावरून कोणी म्हणेल की मग डायलिसिस नकोच. तसं आम्ही म्हणत नाही, आणि इथून बाहेर पडून कोणी तसं सांगत फिरू नये. पस्तीस-चाळीस वर्षांचा गडी आहे, बाकी अंग धड आहे, किडनी मिळण्याची आशा आहे, त्याला डायलिसिस मिळालंच पाहिजे आणि तालुक्याच्या गावी मिळालं पाहिजे. हातातली फिस्टुला तयार व्हायला महिना-दोन महिने लागतात, तेव्हा तिचं आधीच बघा. पोटातून घरी करायच्या डायलिसिसबद्दलही विचारा. एस.टी. चुकते म्हणून, मशीन बंद आहे म्हणून, पैसे संपले म्हणून जे डायलिसिस सुटतं त्याला रोग्याची निवड म्हणायचं नाही. ती त्याच्यावर लादलेली गोष्ट आहे. उद्या एखादा अधिकारी आपल्याला सांगेल की म्हाताऱ्याला कशाला मशीन, घरीच सेवा करा. त्या अधिकाऱ्याला आपण आधी विचारू की मशीन आहे का आणि चालू आहे का. मशीन दारात असताना, भाडं सुटलेलं असताना, माहिती पुरी दिलेली असताना माणूस 'मला नको' म्हणाला, तर ती त्याची निवड.

आणि अशी निवड शहाणपणाची असू शकते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. माणूस ऐंशीच्या घरात आहे, साखर जुनी आहे, हृदयाला झटका येऊन गेला आहे, धरून धरून चालवावं लागतं. अशाला डायलिसिसनं आयुष्य फारसं वाढतच नाही, किंवा वाढलेले दिवस दवाखान्याच्या वाटेवरच जातात. २००९ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ३,७०२ वृद्धांना डायलिसिस सुरू केलं होतं. वर्षभरात शंभरातले ५८ गेले. आधी जेवढं हिंडता-फिरता, स्वतःचं आवरता येत होतं तेवढं टिकलं फक्त १३ जणांचं. ती आधीच खचलेली माणसं होती, तो आकडा आपल्या धडधाकट बापाला लावू नका. पण डॉक्टरला एवढं विचारायला हरकत नाही: 'साहेब, आमच्या अण्णांना यानं काय मिळेल? किती दिवस, आणि ते कसे?' मुदत ठेवून करून पाहता येतं का, हेही विचारा. महिना-दोन महिने लावायचं आणि मग पुन्हा बसून ठरवायचं. हे चालतं. एकदा सुरू केलं की थांबवता येत नाही ही समजूत चुकीची आहे.

तिसरी वाट आहे ती ही. मशीन न लावता, किंवा लावलेलं थांबवून, बाकी सगळी काळजी चालू ठेवायची. तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, मराठीत उपशामक सेवा. 'घरी घेऊन जा' म्हणणं आणि ही सेवा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'घरी घेऊन जा' म्हणणाऱ्यानं हात झटकलेले असतात. या सेवेत डॉक्टर, नर्स आणि औषध तिघंही शेवटपर्यंत असतात. सूज उतरवायला लघवीची औषधं, रक्त वाढवायला लोह आणि इंजेक्शनं, रक्तातली आंबटाई मारायला सोडा, रक्तदाबाच्या गोळ्या, हे सगळं चालूच राहतं. अशी माणसं काही महिने काढतात, काही तर वर्षाच्या वर. आणि ही सेवा फक्त मरणाऱ्याची आहे असंही नाही. डायलिसिसवर असलेल्यालाही ती पहिल्या दिवसापासून मिळायला हवी, कारण त्रास त्यालाही तेवढाच असतो.

त्रास म्हणजे काय ते घरातल्या बायकांना विचारा. खाज सुटते, अशी की रात्रभर माणूस पाठ भिंतीला घासतो. अंगावर पुरळ दिसत नाही म्हणून घरचे म्हणतात, 'वेड घेतलंय'. चामडीच्या डॉक्टरकडं खेपा होतात. ही खाज किडनीची आहे आणि तिला औषध आहे. गॅबापेन्टिन नावाची गोळी अगदी थोड्या मात्रेत देतात, मात्रा डॉक्टरनंच ठरवायची, कारण किडनी नसताना ती अंगात साठते आणि माणूस झोपेत बुडतो. खोबरेल लावायचं, नखं कापायची, सुती कपडा घालायचा. पाय रात्री आपोआप हलतात, स्वस्थ पडू देत नाहीत, त्यालाही औषध आहे. मळमळ आहे, तोंडाला धातूची चव आहे, जेवण समोर आलं की माणूस तोंड फिरवतो. घरातली सून म्हणते, 'मामंजी माझ्या हातचं खात नाहीत.' तिचा स्वयंपाक बिघडलेला नसतो, दुखणंच तसं आहे, एवढं कोणी तिला सांगितलं तरी तिचं अर्धं ओझं उतरेल.

दुखण्याचं तर विचारूच नका. किडनीवाल्याला आपल्या नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत म्हणून पुष्कळ डॉक्टर काहीच देत नाहीत. पॅरासिटामॉल चालते. दुखणं जास्त असेल तर अफूच्या जातीची औषधं आहेत. त्यातलं मॉर्फिन किडनी बंद असलेल्या अंगात साठून त्रास देतं, म्हणून जाणते डॉक्टर फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिन वापरतात. ही औषधं दवाखान्यांना सोप्या रीतीनं मिळावीत म्हणून २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा दुरुस्त झाला. तरी जिल्ह्याच्या गावी ती मिळत नाहीत. खताचा कोटा आला नाही तर आपण कलेक्टरच्या दारात बसतो. या औषधांसाठी अजून कोणी बसलेलं नाही.

एका गावातली गोष्ट सांगतो, नाव-गाव सांगत नाही. ७८ वर्षांचे आजोबा. डायलिसिसचा पाचवा महिना होता. मशीनवर दर वेळी रक्तदाब पडायचा, घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळा उघडायचा नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जीप. दोन एकर गेलं होतं. आजोबा मुलांना म्हणायचे, 'मला आता नेऊ नका.' मुलं म्हणायची, 'असं बोलू नका, आम्ही आहोत ना.' मुलांच्या मनात माया होती तशी भाऊबंदांची भीतीही होती. बापाला पैशासाठी मारलं, असं उद्या पारावर कोणी बोललं तर? शेवटी एका डॉक्टरबाईंनी मुलांना बाहेर बसवलं, आजोबांशी अर्धा तास बोलल्या आणि मग सगळ्यांना आत घेतलं. त्यांनी घराला स्पष्ट सांगितलं: थांबवलं तर साधारण आठवडाभर, लघवी थोडी होत असेल तर जास्त. गुंगी वाढत जाईल. धाप लागू शकते, तिच्यावर हे औषध, उशी उंच करा, पंख्याचा वारा तोंडावर घ्या. पथ्य आता सोडा, जे मागतील ते द्या. आजोबांनी आंबा मागितला. वर्षभर त्यांना आंबा नव्हता. नवव्या दिवशी ते घरी गेले, झोपेतच. पारावर काय बोलले ते आम्हाला माहीत नाही. डॉक्टरबाई सगळ्यांसमोर बोलल्या होत्या, त्यामुळं थोरल्या मुलाला खाली मान घालावी लागली नाही, एवढं आम्ही पाहिलं.

आता कायद्याचं. शुद्धीवर असलेल्या शहाण्या माणसाला कोणताही उपचार नाकारता येतो. त्यात गुन्हा नाही आणि आत्महत्याही नाही. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सन्मानानं मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. बोलता येणार नाही तेव्हा काय करावं आणि काय करू नये हे आधी लिहून ठेवता येतं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथल्या एका न्यायमूर्तींनी स्वतः असा कागद केला. आपण बांधाच्या वाटणीसाठी स्टँपपेपर आणतो, मग हाही आणायला हरकत नसावी. कागद नसला तरी, डोकं ठिकाणावर आहे तोवर चार माणसांसमोर विचारा: 'अण्णा, तुम्हाला काय हवं? दवाखाना की घर? कशाची भीती वाटते?' विचारल्यानं कोणी लवकर मरत नाही.

हे सगळं आपल्या खेड्यात कसं जमायचं, असं कोणी विचारेल. केरळात जमलं आहे. कोझिकोडला १९९३ साली डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून दुखणं शमवण्याचा दवाखाना काढला. त्यातून मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच रोग्यांची काळजी घ्यायची पद्धत उभी राहिली. दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी आठवड्यातले काही तास देतात. छोट्या छोट्या वर्गण्यांवर काम चालतं. नर्स घरी येते. २००८ साली तिथल्या सरकारनं त्याचं धोरण केलं आणि ग्रामपंचायतीच्या पैशातून घरोघरच्या नर्सची सोय झाली. केरळ श्रीमंत म्हणून झालं असं म्हणू नका, सुरुवात वर्गणीनंच झाली. केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे आणि आपल्या राज्यातल्या काही जिल्हा रुग्णालयांत कक्षही आहेत.

तेव्हा आपल्याला करायचं आहे ते थोडंच आहे, पण ते नेमकं करू. प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आशाताईंना सोबत घेऊन आपल्या गावांतल्या किडनीच्या रोग्यांची यादी करायची. त्यात तीन रकाने ठेवा: डायलिसिस चालू, पैशाअभावी सुटलेलं, आणि स्वतः नको म्हटलेलं. दुसरा रकाना लांब निघाला तर ती यादी घेऊन आपण सगळे सिव्हिल सर्जनकडं जाऊ. मागण्या तीन. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डायलिसिसच्या खाटा. जिल्ह्यात पॅलिएटिव्ह कक्ष आणि घरी येणारी नर्स. आणि त्या कक्षात दुखण्याची औषधं, नुसता बोर्ड नको. शेजारच्या दोन घरांनी आठवड्यातून एक दुपार रोग्यापाशी बसायचं, म्हणजे त्याच्या बायकोला चार तास झोप मिळेल, याला कोणाची मंजुरी लागत नाही.

मंडपाच्या दाराशी टेबलावर तालुकावार वह्या ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी चहाच्या वेळात गाव आणि फोन लिहून ठेवा, रोग्याचं नाव लिहायची गरज नाही. पाच वाजता आरोग्य खात्यात नोकरी केलेल्या दोन सिस्टर इथं बसणार आहेत. बाया त्यांच्याशी वेगळ्या बोलू शकतात, मागच्या खोलीत सोय केली आहे.